गिरिजा पुन्हा पुन्हा न्यायची ते पुस्तक

वाचनालयात नोकरी केलेल्या माणसाला लोक हमखास विचारतात, "मग तुमची सगळी पुस्तकं वाचून झाली असतील?" मिठाईवाला कधी सगळे पेढे खातो का? मला पुस्तकं पाठीवरून ओळखू यायची. कुठलं कुठल्या फळीवर, कुणाच्या घरी गेलंय, कुणाच्या घरून हळदीचे डाग घेऊन परत येणार, एवढं माहीत असलं की आमचं काम भागायचं. आत काय लिहिलंय ते वाचणाऱ्यानं बघावं.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी "वाचकांच्या गमतीजमती लिहा" म्हणून निरोप धाडला. गमती पुष्कळ आहेत. सोलापूरच्या गाडीवरचे एक कंडक्टर कादंबरीचं शेवटचं पान उभ्यानं वाचायचे आणि नायिका मेली असेल तर पुस्तक तिथंच ठेवून जायचे. "दिवसभर माणसांची कटकट ऐकतो बाई, घरी जाऊन आणि रडू कामून?" म्हणायचे. एक म्हातारे वकील उर्दू वर्तमानपत्र रोज मोठ्यानं वाचायचे. मनात वाचलेली बातमी खरी वाटत नाही, असं त्यांचं म्हणणं. पण लिहायला बसले की हात ह्या सगळ्यांना ओलांडून एकाच पुस्तकापाशी जातो. ते चांगलं होतं की वाईट, हे मला तेव्हा कळलं नाही. आता निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी कळलेलं नाही.

माझं माहेर हळ्ळीखेडचं. वडिलांनी धम्म घेतला तेव्हा मी लहान होते. पोरींनी शिकलंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. त्या हट्टानं मी गुलबर्ग्याला ग्रंथालयाचं शिक्षण घेतलं आणि अफजलपूरच्या वाचनालयात लागले. नवराही पाटबंधारे खात्यात तिथंच होता. वाचनालय म्हणजे दोन खोल्या. कपाटं तीन भाषांची. कन्नड सर्वांत मोठं, त्याच्या शेजारी मराठी, आणि कोपऱ्यात उर्दूचं, निजामाच्या काळातलं. शिकताना आम्हाला एक गोष्ट पक्की सांगितली होती : कोण काय वाचतं ते दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही. माणूस वाचनालयात येतो तो आपलं मन घेऊन येतो, त्याची चहाडी करायची नाही.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. सोलापूरहून मराठी पुस्तकांचा गठ्ठा आला, त्यात ही बारकी कादंबरी होती. मुखपृष्ठावर घाटाच्या पायरीवर पाठमोरा बसलेला एक मुलगा. आत 'किशोरांसाठी' असं छापलेलं, म्हणून मी न उघडताच ती मुलांच्या फळीवर लावली. शेजारी सगळी जंगलातल्या साहसांची पुस्तकं.

ती पहिल्यांदा नेली गिरिजानं. गिरिजा म्हणजे आडत्या शिवलिंगप्पांची मुलगी. तुरीचा मोठा व्यापार, पेठेत नाव. घरात सगळे कन्नड बोलायचे, पण तिचं आजोळ अक्कलकोटकडचं, शाळेची पहिली वर्षं तिथं मराठीत गेलेली, त्यामुळं गोष्टी वाचायच्या त्या तिला मराठीतच हव्या असायच्या. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. आली की आधी हसू ऐकू यायचं, मग ती दिसायची. आठवड्याला दोन-दोन पुस्तकं फस्त करायची आणि परत देताना मला गोष्ट सांगून टाकायची, म्हणून तर मला वाचायची गरज पडत नसे.

ह्या पुस्तकाची गोष्ट तिनं सांगितली नाही. परत आणलं आणि म्हणाली, "अक्का, हेच पुन्हा देता का?"

दुसऱ्या कुणी मागितलेलं नसलं तर तेच पुस्तक पुन्हा देता येतं. दिलं. पुढच्या वेळी तेच, त्याच्या पुढच्या वेळीही तेच. हळूहळू तिचं हसू ऐकू येईनासं झालं. वेणी घातलेली नसायची. गालाची हाडं वर आली. दारातून आत यायला तिला ओझं उचलल्यासारखं व्हायचं.

एकदा मी म्हटलं, "गिरिजा, नवीन गठ्ठा आलाय. दुसरं काही तरी ने की."

"नको अक्का. हेच असू द्या."

"एवढं काय हाय गं त्यात?"

तिनं थोडा विचार केला. "ह्यातला पोरगा मला काही सांगत न्हाई. बाकी सगळे सांगायलेत."

मी मान हलवली. समजल्यासारखी. समजलं काहीच नव्हतं.

आमच्या वाचनालयाच्या समितीवर माणिकराव सर होते, निवृत्त हेडमास्तर. करडे, पण मनानं चांगले. गिरिजाच्या हातात ते पुस्तक त्यांनी पाहिलं असावं. एका सकाळी ती ते माझ्या टेबलावर ठेवून कॉलेजला गेली, पुन्हा न्यायला नंतर येणार होती. तेवढ्यात सरांनी ते टेबलावरून उचललं, वर्तमानपत्रांच्या बाकावर बसून तिथल्या तिथं वाचून काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

"हे कपाटात कुणी लावलं?"

"मीच सर. किशोरांचं हाय म्हणून..."

"ह्यातला मुलगा जीव द्यायचा म्हणतो. दहावीचा मुलगा! तुम्ही वाचलंय का?"

मी नाही म्हणाले.

"माझ्या शाळेत एक मुलगा होता, बाई. हुशार. कविता वाचायचा, सगळ्या अशाच काळ्या. मी म्हणायचो, वाचू द्या, वाचन चांगलं असतं. एक दिवस तो गेला. स्वतःहून गेला. त्या दिवसापासून मला वाटतं, त्याच्या हातातून ते पुस्तक काढून घेतलं असतं तर..." त्यांनी पुस्तक माझ्याकडं सरकवलं. मग म्हणाले, "हे काढून टाका. त्या पोरीच्या हातात तर देऊच नका."

ते गेले आणि मी पुस्तक वाचायला घेतलं. गोष्ट साधी होती. विजू नावाचा मुलगा. घरी खायला-प्यायला आहे, आईबाप आहेत, मार नाही, नापासही नाही. पण त्याला सकाळी उठावंसं वाटत नाही. मग जेवावंसं वाटत नाही. मग जगावंसं वाटत नाही. एक दिवस तो घाटावर जाऊन बसतो, संध्याकाळपर्यंत बसतो आणि परत येतो. शेजारी एक मावशी राहते, तिला तो सांगतो. मावशी त्याला डॉक्टरकडं नेते. शेवटी तो शाळेत जायला लागतो. संपलं.

पहिला अर्धा भाग वाचताना मला भीती वाटली. सरांचं खरंच होतं की. दुसरा अर्धा वाचताना वाटलं, अगं, पोरगा तर जगतोय शेवटी, मग वाईट काय आहे? पण गिरिजा कुठल्या अर्ध्यात थांबलीय हे कसं ओळखायचं? ती शेवटपर्यंत जात होती की घाटावरच बसून राहत होती? माझ्या शिक्षणात ह्याचं उत्तर नव्हतं. नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "विष हाय का औषध हाय ते बाटलीवर लिहिलेलं असतं. पुस्तकावर कसं लिहिणार?" तो विनोद करत नव्हता. त्यालाही खरंच कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, वाचनालय बंद असण्याच्या वेळेला, दारात शिवलिंगप्पा उभे. पांढरं धोतर, कपाळावर विभूती, गळ्यात लिंग. पेठेतला एवढा मोठा माणूस वाचनालयाची पायरी कधी चढला नव्हता. सरांनी त्यांना पुस्तकाबद्दल सांगितलं होतं. मला वाटलं, आता हे माझ्यावर ओरडणार.

"बाई, ते पुस्तक हितंच हाय का?"

"हाय."

"मला वाचून दाखवा."

मी टेबलावरचं पुस्तक उचललं.

"मला मराठी बोलायला येतंय, वाचायला न्हाई. आमच्या वेळेला शाळा उर्दूत. कन्नड घरी शिकलो." ते खाली बघत होते. "पोरगी बोलत न्हाई. जेवत न्हाई. तिची माय विचारून थकली. त्या पुस्तकाशी तेवढी बोलते. मग ते काय म्हणायलंय, ते मला कळायला नको का?"

दार सताड उघडं ठेवून मी वाचायला बसले. पण एक वेगळीच अडचण झाली. गिरिजा संध्याकाळी पुस्तक मागायला आली, तेव्हा मला सांगावं लागलं की ते दुसऱ्या वाचकाकडं आहे. तिचा चेहरा उतरला. "कोण वाचायलंय अक्का?" मी नियमावर बोट ठेवलं, नाव सांगता येत नाही म्हटलं. ती वळली. काढून घेऊन मी तिला वाचवतेय की ढकलतेय? मी मागून ओरडले, "उद्या ये हां! परवा बी ये! येत राहा!" वेड्यासारखी.

ती खरंच रोज यायला लागली. आणि दुपारी तिचे वडील. शिवलिंगप्पांना ऐकवणं सोपं नव्हतं. ते विजूशी भांडायचे. विजू जेवणाच्या ताटावरून उठला की म्हणायचे, "का उठला? भाजी चांगली न्हवती का?" मी म्हणायचे, तसं काही लिहिलेलं नाही. "मग लिहिणाऱ्यानं लिहायला नको?" एखादा शब्द अडला की तो कन्नडमध्ये करून मला विचारायचे, बरोबर का म्हणून. 'उदास' ह्या शब्दाशी ते बराच वेळ थांबले. म्हणाले, "आमच्यात बेजार म्हणतात. पण बेजार तर मी बी होतो, पाऊस न्हाई झाला की. हे तसलं न्हाई दिसत."

"न्हाई दिसत," मी म्हटलं.

"मग कसलं?"

मला कुठं ठाऊक होतं. आम्ही दोन मोठी माणसं एका किशोर कादंबरीपुढं अडाणी होऊन बसलो होतो.

घाटाचं प्रकरण आलं तेव्हा मी आवाज बारीक केला. विजू पायरीवर बसलाय, लोक येतायत-जातायत, कुणालाच काही दिसत नाही. शिवलिंगप्पा मांडी घालून बसले होते ते एकदम पुढं वाकले आणि पुस्तकालाच म्हणाले, "अरे लेकरा, बापाला सांग की! बाप मेलाय का तुझा?"

दाराकडून आवाज आला, "बापाला कसं सांगायचं असतं, अप्पा?"

गिरिजा उंबऱ्यात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. कॉलेज लवकर सुटलं होतं की ती गेलीच नव्हती, तेही मी कधी विचारलं नाही. मला वाटलं ती पळून जाईल. शिवलिंगप्पांनाही तेच वाटलं असणार, कारण ते हलले नाहीत. पाखरू अंगणात उतरल्यावर माणूस जसा स्तब्ध होतो तसे. मग अगदी हळू म्हणाले, "ये. बस. थोडं राहिलंय."

ती आली आणि माझ्यासमोर हात पसरला. "मी वाचते अक्का."

तिनं वाचायला सुरुवात केली. विजू घाटावरून परत येतो, मावशीच्या दारात उभा राहतो. मावशी विचारते, काय रे? गिरिजा वाचत होती, सपाट आवाजात, धडा वाचल्यासारखी. मग विजूचं वाक्य आलं. तिनं पुस्तक मिटलं आणि न बघता म्हणाली, "मला जगावंसं वाटत न्हाई."

बाहेर बैलगाडी गेली. शिवलिंगप्पांनी मिटलेल्या पुस्तकाकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"हे पुस्तकात हाय का तू म्हणायलीस?" शिवलिंगप्पांनी विचारलं.

"दोन्हीत हाय."

"कामून गं?"

"ठाऊक न्हाई अप्पा. ठाऊक असतं तर कवाच सांगितलं असतं."

मला वाटलं, आता ते समजूत काढतील. तुला काय कमी आहे म्हणतील, देवाचं नाव घे म्हणतील. आपण सगळे तेच म्हणतो. मी तरी तेच म्हणाले असते. पण ते इतके दिवस विजूला सगळं म्हणून बसले होते, आणि विजूनं त्यातलं एकही ऐकलं नव्हतं. ते म्हणाले, "मग मी काय करू?"

"काय करू नका. बसा."

ते बसले. मीही बसले. दोघांच्या मध्ये मी काय करत होते ते मला कळेना, पण उठले असते तर काही तरी मोडलं असतं. मग त्यांनी तिला विचारलं, "पुढं ती मावशी त्या पोराचं काय करते?"

"डॉक्टरकडं नेते."

"आपल्याला बी मिळंल का तसला डॉक्टर?"

सोलापूरला मिळाला. नवऱ्याच्या साहेबांनी पत्ता दिला. शिवलिंगप्पा पोरीला घेऊन गाडीत बसले ते पेठेतल्या सगळ्यांच्या समोर बसले, तोंड लपवून नाही. डॉक्टर म्हणाले हा आजार आहे, ताप-खोकल्यासारखाच, मनाचा असला तरी. औषध दिलं, बोलत राहायला सांगितलं. तिच्या आईनं मठात नवस केला. चुलत्यांनी दर्ग्यावर नेऊन आणलं. शिवलिंगप्पांनी कशालाच नको म्हटलं नाही, पण सोलापूरची फेरी एकही चुकवली नाही, आणि दुपारी दुकान बंद करून घरी जेवायला जायला लागले. पेठेत लोक हसले. तुरीच्या हंगामात दुकान बंद करणारा आडत्या कुणी पाहिला होता?

ती एकदम बरी झाली नाही. मध्ये एकदा पुन्हा खाली गेली, त्या वर्षीची परीक्षा बुडली. वाचनालयात यायची आणि काही न वाचता बसून राहायची. मग एका दिवशी जंगलातल्या साहसाचं एक पुस्तक घेऊन गेली आणि परत देताना म्हणाली, "अक्का, ह्यातला वाघ लईच बावळट हाय." मी तोंड फिरवून कपाट आवरायला लागले.

कशानं बरी झाली? औषधानं, नवसानं, बापाच्या दुपारच्या जेवणानं, की पुस्तकानं? मी खूपदा मांडून बघितलं. जमत नाही.

समितीची बैठक झाली तेव्हा माणिकराव सरांनी पुस्तक काढायचा विषय पुन्हा आणला. शिवलिंगप्पा न बोलावता आले आणि मागं उभे राहून म्हणाले, "काढू नका. पण नुसतं ठेवू बी नका. ज्याला द्याल त्याच्याशी दोन शब्द बोला."

सर चिडले नाहीत. थकलेल्या आवाजात म्हणाले, "शिवलिंगप्पा, तुमची पोरगी राहिली. माझ्या शाळेतला पोरगा गेला. दोघांच्याही हातात पुस्तक होतं. मग पुस्तकाचं काय ठरवायचं?"

ठराव झालाच नाही, पुस्तक राहिलं. मी ते मुलांच्या फळीवरून काढून माझ्या टेबलामागच्या फळीवर ठेवलं. म्हणजे कुणाला हवं असलं तर माझ्याशी बोलावंच लागायचं.

काही वर्षांनी करजगीच्या एका तरुणानं ते मागितलं. मी ठरल्याप्रमाणं विचारलं, "बरं हायस ना बाबा?" तो हसला. "मला काय व्हायलंय अक्का? बहिणीला पाहिजे." मी बहिणीची चौकशी केली, त्यानं काही तरी गुळमुळीत सांगितलं. तो परत आलाच नाही. आठवणीची कार्डं टाकली, उत्तर नाही. शेवटी सुट्टीच्या दिवशी मी करजगीची गाडी पकडली. पुस्तकासाठी कुणी गाडी पकडत नाही, हे मलाही कळत होतं. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, सगळे सोलापूरकडं ऊसतोडीला गेले.

"पोरगी बी गेली का? बरी होती का ती?"

"व्हय की. तीच तर ट्रकात पुढं चढून बसली. भावाला हात देऊन वर घेतलं तिनं."

मग पुस्तक खरं कुणाला हवं होतं, बहिणीला की त्यालाच? शेजारणीच्या बोलण्यावर समाधान मानावं की न मानावं? मी परतीच्या गाडीत तेच घोळवत बसले. पुढं ते पुस्तक हरवल्याची नोंद केली. दुसरी प्रत मागवली, ती मिळाली नाही.

गिरिजा आता बिदरला शाळेत शिकवते. मागच्या वर्षी मला भेटायला घरी आली. शिवलिंगप्पा जाऊन बराच काळ झाला होता. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर मी धीर करून विचारलं, इतकी वर्षं मनात असलेलं. "गिरिजा, खरं सांग. त्या पुस्तकानं तुला तारलं का बुडवायला निघालं होतं?"

ती विचारात पडली. "अक्का, मला ते आता नीट आठवत बी न्हाई. त्या पोराचं नाव काय होतं हो? अज्जू?"

ज्या पुस्तकापायी माझी झोप उडाली, सर म्हातारपणी कळवळले, आडत्यानं दुकान बंद केलं, त्यातल्या पोराचं नावही तिला आठवत नव्हतं.

"विजू," मी म्हटलं. "आणि आता कसं वाटतं? ते सगळं गेलं का?"

"जातंय कुठलं. अजून बी एखाद्या सकाळी येतं, उशाशी बसल्यासारखं. मग मी त्याला म्हणते, बरं बाबा, आधी चहा तर पिऊ, मग बघू." ती हसली. "चहा पिईस्तोवर शाळेची वेळ होते."

मला ह्यातून काय घ्यावं ते समजलं नाही. मी उठले आणि चहा टाकला.